खालची कवळी हलू नये म्हणून

कवळी वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीबद्दल असते. वरची अख्ख्या टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालचीच्या वाट्याला हिरडीवरची अरुंद पट्टी येते. आतून जीभ सतत वळवळते, बाहेरून गाल-ओठांचा रेटा. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. आंत्ये टॉलग्रेन या संशोधिकेने काही रुग्णांचा तब्बल २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवून दिलं, की खालच्या जबड्याची ही झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. म्हणून मापात बसवलेली कवळीही काही वर्षांनी तोंडात नाचू लागते. इम्प्लांटवरच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या धातूच्या कृत्रिम मुळांवरच्या कवळीचा सगळा इतिहास या एका उपद्रवाभोवती फिरतो.

कवळीला कशाचा तरी आधार द्यावा, हे जुन्या लोकांनाही सुचलं होतं. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या दातात कवळी कोरली (लाकडी कवळीची कथा निव्वळ दंतकथा) आणि खालच्या भागात त्या एकुलत्या एका दातासाठी भोक ठेवलं. पुढे तो दातही गेला. ग्रीनवुडने तो छोट्या डबीत जपून ठेवला. अध्यक्षांच्या कवळीची भिस्त मग नुसत्या स्प्रिंगांवर राहिली.

एकोणिसाव्या शतकात व्हल्कनाइट रबर आलं, १९३०च्या दशकाअखेर अॅक्रिलिक आलं. कवळ्या स्वस्त झाल्या, दिसायला बऱ्या झाल्या. खालची हलतच राहिली.

१९६०-७०च्या सुमारास काही दंतवैद्य सरसकट सगळे दात उपटण्याऐवजी सुळ्यांची मुळं राखू लागले. दात हिरडीलगत कापायचा, मुळावर धातूची टोपी घालायची आणि वरून कवळी बसवायची. १९७८ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या खालच्या जबड्याचं पुढचं हाड पाच वर्षांत सरासरी ०.६ मिलिमीटर घटलं होतं. एकही मूळ न राखलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. आकडे बोलके होते. पण ज्यांची मुळंच शिल्लक नव्हती, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी धातूची मुळं करून पाहण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते. हिरडीखाली हाडावर धातूचा सांगाडा ठेवणं, हाडात पाती ठोकणं, सगळं झालं. अनेकदा धातूभोवती मऊ तंतुमय ऊती तयार व्हायची आणि आधार डगमगायला लागायचा.

उत्तर दंतवैद्यकाच्या बाहेरून आलं. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५०च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह जिवंतपणी पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या नळकांड्या प्रयोगानंतर निघेनात. हाड धातूला थेट जुळून वाढलं होतं. महागडं उपकरण अडकलं म्हणून हळहळण्यापेक्षा त्यांनी त्या अडकण्याचाच अभ्यास आरंभला. १९६५ मध्ये स्वीडनमधल्याच गोथेनबर्गला गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते स्क्रू काम देत होते.

यात हात हलका असणं फार महत्त्वाचं. ड्रिलच्या घर्षणाने हाड तापलं तर ते मरतं. गोथेनबर्गच्याच संशोधकांनी पुढे दाखवलं, की ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं तरी इजा होते. म्हणून ड्रिल सावकाश, वरून सलाइनची धार, आणि मग स्क्रूवर भार न देता काही महिने थांबणं. ब्रोनमार्क या मुळात शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकावर स्वदेशातल्या दंतवैद्यांनी वर्षानुवर्षं टीका केली. १९८२ मध्ये टोरोंटोला दंतवैद्य जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेने ही पद्धत मनावर घेतली.

तरीही कवळी दुय्यमच राहिली. ब्रोनमार्क यांच्या गटाचा भर चार-सहा इम्प्लांटवर पक्क्या बसवलेल्या, काढता न येणाऱ्या दातांवर होता. कमी इम्प्लांटवर काढघालीची कवळी म्हणजे खर्च न परवडणाऱ्यांसाठी केलेली तडजोड, असं मानलं जाई. माझ्या मते या इतिहासातली खरी कलाटणी २००२ मधली. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी साधी कवळी आता पहिला पर्याय मानू नये. तो मान दोन इम्प्लांटवरच्या कवळीचा. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क निवेदनाने त्याला दुजोरा दिला.

दोनच का, तर सुळ्यांच्या जागी हाड सहसा टिकून असतं आणि ओठ-हनुवटीकडे जाणारी नस तिथून मागे, सुरक्षित अंतरावर बाहेर पडते. इम्प्लांटच्या डोक्यावर गोळी किंवा बुटकी टोपी असते, कवळीच्या आत नायलॉनची कडी. टिचबटणासारखा टक् आवाज होऊन कवळी बसते. बोलताना, खाताना उचलली जात नाही, पण भार बराचसा हिरडीवरच राहतो. ती रोज काढून घासावी लागते, नायलॉन झिजला की बदलावा लागतो. वरच्या जबड्याचं हाड मऊ असल्याने तिथे दोनवर भागत नाही, सहसा किमान चार लागतात. आपल्याकडे हा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. म्हणून डॉक्टरांनी पक्क्या दातांचा मोठा आकडा सांगितला, तर दोन इम्प्लांटवरच्या कवळीचाही हिशोब मांडून मागावा.