महाकाय भोपळा: फळ तडकणं आणि आकार बिघडणं

स्पर्धेसाठी वाढवलेला महाकाय भोपळा वजनकाट्यावर चढायच्या आधीच फुटणं किंवा वेडावाकडा होऊन बसणं, हा या छंदातला सगळ्यात मोठा घात. यातली बहुतेक फळं 'डिल्स अटलांटिक जायंट' वाणाची असतात, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करत हा वाण तयार केला. २०२३ मध्ये अमेरिकेत १,२४७ किलोचा विक्रम झाला, २०२५ मध्ये इंग्लंडच्या पॅटन जुळ्या भावांनी तो १,२७८.८ किलोवर नेला.

मूळ कारण वाढीचा वेग. ऐन भरात फळ दिवसाला पंधरा-वीस किलोनं फुगतं, सालीला आणि गराला तेवढं ताणायला वेळच मिळत नाही, त्यात आठवडाभर माती कोरडी आणि मग एकदम भरपूर पाणी किंवा जोराचा पाऊस झाला की जिथे फळ कमजोर असेल तिथून ते उकलतं. ही जागा बहुतेक वेळा देठाजवळच्या फाकांमधली खोल खाच असते, नाहीतर खालचं फुलाकडचं टोक. आधी केसाएवढी रेघ दिसते, कडेला रसाचा थेंब चमकतो. वरवरची भेग कोरडी ठेवून, बुरशीनाशक लावून कधीकधी वाचवता येते, पण भेग आतल्या पोकळीपर्यंत गेली की फळ स्पर्धेतून बाद, मग वजन कितीही असो.

आकाराचा प्रश्न वजनातूनच येतो. फळ मोठं होत जातं तसं स्वतःच्या भाराने चपटं होतं आणि बूड आत कमानीसारखं उचललं जातं.

देठाकडे मात्र पहिल्या दिवसांतच बघायला पाहिजे, नंतर काही हातात राहत नाही. फळ वेलीला चिकटून वाढलं तर त्याचे खांदे वेलीवर दाबतात आणि देठ फाटतो. म्हणून फळ चेंडूएवढं असतानाच देठ वेलीशी काटकोनात येईल असं भोपळा वाढवणारे त्याला रोज थोडं थोडं वळवतात, तेही दुपारनंतर, कारण सकाळी वेल पाण्याने टरटरलेली असते आणि कचकन मोडते. देठाजवळच्या वेलीची मुळं तोडली की फळ वाढेल तशी वेल वर उचलली जाते. फळाखाली वाळूचा थर ठेवला तर बूड न अडकता सरकतं, आणि वर सावलीसाठी चादर टाकली तर साल लवकर कडक होत नाही.