ठरावीक प्रोग्रामपुरते डेस्कटॉप इफेक्ट बंद करण्याच्या सोयीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात संगणकाचा रोजचा राबता प्रामुख्याने छापखान्यांत, फ्लेक्सच्या दुकानांत, गुजरीतील हिशेबाच्या गल्ल्यांवर आणि शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंतच्या कारखान्यांच्या ड्रॉइंग विभागांत असतो. अशा ठिकाणी मशीन बदलते, ऑपरेटिंग सिस्टीमही बदलते, पण हातात बसलेला प्रोग्राम सहसा बदलत नाही. विंडोच्या सावल्या, काचेसारख्या पारदर्शक कडा आणि खिडकी उघडता-मिटतानाची हालचाल एखादा प्रोग्राम चालू होताच आपोआप बंद व्हावी, ही गरज नव्या सिस्टीमवर जुना प्रोग्राम चालवण्याच्या याच आग्रहातून पुढे आली.

या सजावटीच्या मागे कंपोझिटिंग ही यंत्रणा आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम पडद्याच्या मेमरीत आपापल्या जागी थेट चित्र काढत असे आणि वरची विंडो हलली की खालच्या प्रोग्रामला उघडा पडलेला भाग पुन्हा रंगवण्याचा निरोप जात असे. कंपोझिटिंगमध्ये प्रत्येक विंडोचे चित्र आधी मेमरीत वेगळे तयार होते आणि ही सगळी चित्रे एकत्र करून पडद्यावर मांडण्याचे काम कंपोझिटर करतो. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पूर्ण पडद्याएवढ्या एका विंडोसाठी, पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, सुमारे ८ एमबी मेमरी लागते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर प्रत्येक जुळणी साधारण १६.७ मिलिसेकंदांत उरकावी लागते आणि मधल्या या टप्प्यामुळे चित्र दिसायला किंचित उशीर होतो.

ॲपलच्या मॅक ओएस टेनने २००१ मध्ये ही पद्धत सर्वसामान्यांच्या डेस्कटॉपवर आणली आणि २००२ च्या १०.२ आवृत्तीत जुळणीचे काम ग्राफिक्स कार्डकडे दिले. तिथे कंपोझिटिंग बंद करण्याची सोय वापरणाऱ्याला दिलीच गेली नाही, त्यामुळे हा प्रश्न मॅकच्या वाट्याला फारसा आला नाही. २००१ मध्येच आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये रंगीत थीम होती, पण कंपोझिटिंग नव्हते. प्रोग्रामच्या कम्पॅटिबिलिटी टॅबवर, म्हणजे जुना प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालवण्यासाठीच्या सेटिंगच्या पानावर, थीम बंद करण्यासाठी टिक करायची चौकट मात्र होती, आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा दिखावा ठरवण्याची विंडोजमधली वाट तिथून रुळली.

खरी अडचण एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने उभी केली. २००७ च्या जानेवारीत ती घरगुती ग्राहकांपर्यंत पोचली तेव्हा तिच्या एअरो या सजावटीसाठी डायरेक्टएक्स ९ ही विंडोजची ग्राफिक्स प्रणाली पेलणारे ग्राफिक्स कार्ड आणि ते चालवणारा नव्या पद्धतीचा ड्रायव्हर असणे आवश्यक होते. छपाईची पाने जुळवणाऱ्या पेजमेकरसारखे जुने प्रोग्राम विंडोजच्या ज्या जीडीआय या जुन्या पद्धतीने चित्र काढतात, तिला एक्सपीमध्ये ग्राफिक्स कार्डाची मदत मिळत असे. व्हिस्टात एअरो चालू असताना ते काम प्रोसेसरवर येऊन पडले, शिवाय अशा प्रत्येक विंडोची एक प्रत मुख्य मेमरीत आणि दुसरी ग्राफिक्सच्या मेमरीत ठेवली जाऊ लागली. १ जीबी रॅमच्या मशीनवर चार-पाच विंडो उघड्या ठेवून लग्नपत्रिका जुळवणाऱ्या ऑपरेटरला नवे मशीन जुन्यापेक्षा मंद का वाटावे, याचे उत्तर बहुतांशी या दोन बदलांत सापडते. दोष प्रोग्रामचा नव्हता आणि ऑपरेटरचा तर नव्हताच. २००९ च्या विंडोज ७ ने ही दुहेरी प्रत काढून टाकली आणि जीडीआयच्या काही कामांना ग्राफिक्स कार्डाची मदत पुन्हा मिळवून दिली. पण एकाच विंडोत ओपनजीएल (त्रिमितीय चित्रांसाठीची पद्धत) आणि जीडीआय या दोन्ही पद्धतींनी रेषा काढणाऱ्या जुन्या कॅड, म्हणजे संगणकीय ड्रॉइंगच्या, प्रोग्रामचे कंपोझिटिंगशी तरीही जमत नव्हते.

विंडोज ७ मध्ये प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की कम्पॅटिबिलिटी टॅबवर एकाखाली एक पाच चौकटी दिसत. पहिली २५६ रंगांची, दुसरी ६४० बाय ४८० पडद्याची, तिसरी थीम बंद करण्याची आणि चौथी ‘डिसेबल डेस्कटॉप कंपोझिशन’ ही. चौथीत टिक केली की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, त्या प्रोग्रामच्या पूर्ण पत्त्यासमोर ‘डिसेबलडीडब्ल्यूएम’ असा शब्द नोंदवला जाई (डीडब्ल्यूएम हा विंडोजचा कंपोझिटर). पुढच्या वेळी प्रोग्राम उघडताना पडदा क्षणभर लुकलुके, टास्कबारची पारदर्शकता जाई, आणि प्रोग्राम बंद केला की सारे पूर्ववत होई. टिक न करताही काही वेळा हेच घडत असे. दूरवरून पडदा पाहण्यासाठी मिरर ड्रायव्हर (पडद्याची प्रत टिपणारा ड्रायव्हर) वापरणारा प्रोग्राम चालू झाला, किंवा एखाद्या प्रोग्रामने डायरेक्टड्रॉ या जुन्या ग्राफिक्स पद्धतीतून मुख्य पडद्यावर थेट ताबा घेतला, की सिस्टीम स्वतःहून एअरो बंद करून रंगसंगती ‘बेसिक’ या साध्या रूपावर आणल्याचा निरोप देई.

प्रोग्रामपुरती म्हणवणारी ही सोय प्रत्यक्षात साऱ्या डेस्कटॉपची होती, हे मात्र नीट सांगितले गेले नाही. वाड्यातल्या एका खोलीसाठी मेन स्विच पाडावा तसा तो प्रकार होता: एका प्रोग्रामसाठी कंपोझिटिंग थांबले की शेजारच्या प्रत्येक विंडोचेही थांबत असे.

लिनक्समध्ये हीच गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टीमला कंपोझिट एक्सटेन्शनची जोड २००४ च्या एक्स.ऑर्ग ६.८ मध्ये मिळाली आणि २००६ मध्ये आलेल्या कंपिझ या कंपोझिटिंग करणाऱ्या विंडो मॅनेजरने (विंडोंची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) घनासारखा फिरणारा डेस्कटॉप लोकप्रिय केला. गेम खेळणारे लोक तेव्हा एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवत: आधी कंपिझ हटवून साधा विंडो मॅनेजर लावायचा, मग गेम चालवायचा, तो संपला की कंपिझ परत आणायचा. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या केडीई ४.० या लिनक्स डेस्कटॉपच्या केविन या विंडो मॅनेजरमध्ये कंपोझिटिंग आतच आले आणि ऑल्ट, शिफ्ट व एफ१२ या कळांनी ते थांबवता येऊ लागले. पुढे ठरावीक विंडोसाठी नियम लिहून कंपोझिटिंग रोखण्याची सोय मिळाली आणि हाताने कळा दाबण्याची गरज संपली. त्यानंतर प्रोग्रामनेच आपली इच्छा कळवावी यासाठी ‘बायपास कंपोझिटर’ ही खूण डेस्कटॉपच्या सामाईक संकेतांत समाविष्ट झाली. तिचे मूल्य १ असेल तर कंपोझिटिंग थांबवावे, २ असेल तर थांबवू नये आणि ० असेल तर प्रोग्रामचा कसलाच आग्रह नाही, असा अर्थ ठरला. केविनने प्रोग्रामची ही विनंती नाकारण्याची मुभाही वापरणाऱ्याला दिली, हे योग्यच झाले, कारण डेस्कटॉप ज्याचा त्याचा शब्द शेवटचा असायला हवा.

विंडोज ८ ने ऑक्टोबर २०१२ मध्ये हा प्रश्न दुसऱ्या टोकाने मिटवला. काचेच्या कडा गेल्या, कंपोझिटिंग कायमचे चालू राहिले आणि टॅबवरची ती चौथी चौकट काढून टाकली गेली. विंडोज १० मधली ‘फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स’ बंद करण्याची चौकट दिसायला तिच्यासारखी आहे, पण तिचा उपयोग पूर्ण पडदा व्यापणाऱ्या गेमना होतो. विंडोत चालणाऱ्या, पाने जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रामला नाही. लिनक्सवर एक्सला पर्याय म्हणून आलेल्या वेलँडमध्ये कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा मूळ प्रोग्राम, असल्याने त्याला थांबवण्याचा पर्यायच उरत नाही. त्याऐवजी पूर्ण पडदा व्यापणारी एकच विंडो समोर असेल तर तिचे चित्र जुळणीशिवाय थेट पडद्याकडे धाडले जाते आणि दुसरी विंडो वर आली की जुळणी पुन्हा सुरू होते. हा निर्णय आता कंपोझिटर फ्रेमगणिक घेतो आणि त्यासाठी वापरणाऱ्याला कुठेही टिक करावी लागत नाही.