एकच माणूस, दोन वेग: रस्त्यावरची अल्ट्रा आणि डोंगरातली

पणजीच्या मिरामारला पहाटे धावणाऱ्या आमच्या घोळक्यात कुणी ‘अल्ट्रा’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: “किती किलोमीटर?” रस्त्यावरच्या शर्यतीला तेवढं विचारून भागतं. डोंगरातल्या, म्हणजे ट्रेल अल्ट्राला आधी विचारायचं, “चढ किती?” मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपुढे गेलं की दोन्हींचं आडनाव एकच, ‘अल्ट्रा’, म्हणून हा घोळ.

जिम वॉम्सली हा अमेरिकन धावपटू दोन्हीकडचा. जानेवारी २०२१ मध्ये रस्त्यावरचे १०० किमी त्याने ६ तास ९ मिनिटे २६ सेकंदांत मारले. विश्वविक्रम १२ सेकंदांनी हुकला. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटे ४२ सेकंद. त्याच माणसाने २०२३ मध्ये आल्प्समधली यूटीएमबी ही ट्रेल अल्ट्रा जिंकली, तेव्हा किलोमीटरला जवळपास सात मिनिटे लागली. कारण सुमारे १७१ किमीच्या वाटेत १०,००० मीटर चढ होता. आपला गोव्यातला सोसोगड हजार मीटरच्या थोडा वर. समुद्रापासून तो नऊएक वेळा चढा, आणि तितकाच उतरा.

चढावर अव्वल खेळाडूही चालतात, काठ्या टेकत. खरी परीक्षा उतारावर. तिथे दर पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात आणि त्यातच त्यांचे बारीक तंतू फाटत जातात. हे मला सुर्लाच्या रानात, श्रावणात कळलं. अर्ध मॅरेथॉनच्या वेळेची घमेंड घेऊन उतरत होतो; शेवाळलेल्या जांभ्यावर दोनदा बसकण मारली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक काका रबरी चपलांत मागून आले, “धावू नको बाबा, पाय दाबून टाक,” म्हणाले आणि पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी घराचा जिना मी कठडा धरून उलटा उतरलो.

कारकीर्दही यामुळेच वेगळी मोजली जाते. रस्त्यावर घड्याळ बोलतं. डोंगरात अमुक वाटेवर तू काय केलंस, एवढंच. तिथे वाट चुकणं हाही खेळाचाच भाग: २०१६ मध्ये वेस्टर्न स्टेट्स या अमेरिकेतल्या ट्रेल अल्ट्रात वॉम्सली विक्रमाच्या वेगाने पुढे असताना एक वळण चुकला आणि शर्यत गेली. यूटीएमबी त्याला पाचव्या खेपेला मिळाली, तीही घरदार फ्रान्सच्या डोंगरात हलवून.

माझं आल्प्स म्हणजे पणजीतली आल्तिन्हो टेकडी. रविवारी तिथल्या पायऱ्या चालत चढतो, उतरताना धावतो. ओळखीचे थांबून विचारतात, “काय रे, बरं नाही का?”