विटांच्या भिंतीवरचा पारदर्शक हात: मुरणारा की बसणारा?

उघड्या विटांचं घर बांधलं की चार-पाच पावसाळ्यांनी तेच होतं. पश्चिमेची भिंत काळवंडते, दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, शेवाळ धरतं, खाली लोणा, म्हणजे पांढरे क्षार, फुलतो. घरमालक रंगाच्या दुकानात जातो, दुकानदार सांगतो, "क्लिअर कोट मारा, वॉटरप्रूफ होईल." मग कुणाच्या घरी विटेत मुरणारं द्रावण येतं, कुणाच्या घरी विटेवर पापुद्रा धरणारा लेप. दोन्ही पारदर्शक, दोन्ही डब्यांवर घरंगळणाऱ्या थेंबांचं चित्र, दोन्हींना सगळे सरसकट "सीलर" म्हणतात. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत विटांच्या निम्म्या तक्रारी या घोळातून निघतात.

लेप सगळ्यांच्या ओळखीचा. अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन. रोलरने मारायचा, भिंत ओली केल्यासारखी गडद दिसते, चमक येते, पाहुणे वाखाणतात. दोन ते पाच वर्षांत उन्हाने मरतो आणि पापुद्रे सुटतात. दुसरं ते सिलेन-सिलोक्सेनचं, म्हणजे पाणी झटकणाऱ्या सिलिकॉनच्या रसायनांचं, द्रावण. ते विटेत काही मिलिमीटर मुरतं आणि छिद्रांच्या आतल्या बाजूंना धरून राहतं. छिद्र मात्र उघडंच राहतं. भिंत वाळल्यावर मारल्यासारखी दिसतसुद्धा नाही, म्हणून गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. किंमत, वास, पाण्यावर आधारित की थिनरवर, हे फरक किरकोळ आहेत.

खरी गोम वाफेची आहे. "पाणी आत जाऊ दिलं नाही म्हणजे झालं" हा हिशेब तोंडावरच्या पावसापुरता बरोबर आहे. पण विटेच्या भिंतीत पाणी शिरायच्या वाटा पुष्कळ: पायातून वर चढणारी ओल, वरवंडीच्या उघड्या माथ्यावरून उतरणारं पाणी, न्हाणीघराचा फुटका पाइप, खिडकीच्या तळाची भेग. आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं ते वाफ होऊन, विटेच्या तोंडातून. मुरणारं द्रावण थेंबाला अडवतं आणि वाफेला सोडतं. लेप दोन्हींना अडवतो. मग वाळायला जागाच उरत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार पापुद्र्यामागे साचतात, तिथेच त्यांचे स्फटिक होतात, आणि स्फटिक वाढले की विटेचं तोंड आतून ढकललं जातं. आधी लेपाखाली दुधी डाग दिसतो, मग फुगा येतो, मग विटेची पक्की भाजलेली कातडी खपलीसारखी हातात येते. आतला भाग मऊ असतो, तो पुढच्या पावसात भराभर झिजतो.

आपल्याकडच्या भट्टीच्या विटेला हे जास्त लागू पडतं. आयएस 1077 या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे 12.5 वर्गापर्यंतच्या (हा वर्ग दाब सोसण्याच्या ताकदीचा) विटेने 24 तास बुडवल्यावर वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. घरची एक सुटी वीट घ्या, कडक उन्हात चांगली वाळवा, तोला, दिवसभर बुडवा, पुसून परत तोला. तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी प्यायलं तर त्या भिंतीवर लेपाचा विचारही करू नका. माझ्या मते बाहेरच्या विटेवर तो कधीच करू नये; जिन्याच्या आतल्या भिंतीवर धूळ झडू नये म्हणून मारला तर ठीक.

आता मुरणाऱ्या द्रावणालाही देव करू नका. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या झडीत पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतीला त्याचा उपयोग मोठा. जत, आटपाडी, माण-खटावला कित्येक घरांना त्याची गरजच नाही, दरजा धड ठेवल्या तरी पुरे. आणि कृष्णाकाठी सांगलीत 2005, 2019, 2021 च्या पुरात जी भिंत पाण्यात उभी होती, तिच्या खालच्या भागाला काहीच मारू नये. पुराचं पाणी दाबाने शिरतं, त्याला हे द्रावण अडवत नाही. शिवाय क्षार भरलेल्या विटेत द्रावण मुरलं की पाणी पृष्ठभागाऐवजी आत, मुरलेल्या थराच्या मागे वाळतं, क्षारही तिथेच साचतात, आणि थरच्या थर सुटतो. अशी भिंत मोकळी ठेवा, फुललेला लोणा दर उन्हाळ्यात कोरड्या नायलॉनच्या ब्रशने झाडा, पडलेली पूड गोळा करून फेकून द्या. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. तारेचा ब्रश नको, विटेत अडकलेले तुकडे गंजून तांबडे डाग पडतात. लोण्यावर संडासातलं अ‍ॅसिड ओतणाऱ्यांना काय म्हणावं? त्याने चुन्याच्या दरजा खाल्ल्या जातात आणि भिंतीत नवे क्षार जातात.

कामाचा क्रम चुकला की चांगला मालही फुकट. द्रावण मारलेल्या विटेला नवा मसाला धरत नाही, म्हणून दरजा आधी. भुसभुशीत दरज 20 मिलिमीटर खोल खरवडा, झाडा, पाणी मारा, मग भरा. मऊ विटेला 1:3 चा, म्हणजे एक सिमेंट आणि तीन वाळूचा, कडक मसाला घालू नका. एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू पुरे. मसाला विटेपेक्षा कडक झाला की भिंतीची सगळी हालचाल आणि वाफ विटेच्या वाट्याला येते आणि वीटच कडेने तुटते. दोरीसारख्या उठावाच्या दरजा दिसायला झोकदार, पण त्यांच्यावर पाणी थांबतं. आठवडाभर पाणी मारा, 28 दिवस थांबा. जानेवारीत दरजा भरल्या की मार्चचा पहिला पंधरवडा द्रावणाला मिळतो, वळवाच्या आधी.

प्रेशर गनने धुऊ नका, दरजा उडतात. साध्या पाइपाने आणि ब्रशने धुवा, पाच-सात दिवस वाळू द्या. काचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी प्लास्टिकने झाका, उडालेले थेंब वाळल्यावर निघत नाहीत. सकाळी, भिंतीला हात लावून चटका बसत नसताना, औषध फवारायच्या पंपाने कमी दाबाने मारा. खालून वर जा, ओघळ वीतभर खाली येईल इतकं. पहिला हात ओला असतानाच, दहा-पंधरा मिनिटांत, दुसरा. वाळल्यावर मारलेला दुसरा हात मुरत नाही, कारण पहिल्यानेच विटेला पाणी नकोसं केलेलं असतं. हिशेब विटेच्या पिण्यावर: लिटरला 20 ते 40 चौरस फूट, म्हणजे दहा बाय दहाच्या भिंतीला अडीच ते पाच लिटर. आधी मागच्या कोपऱ्यात दोन-तीन विटांवर मारून बघा.

डब्यावर सिलेन किंवा सिलोक्सेन लिहिलेलं नसेल, आणि ग्लॉस, अ‍ॅक्रिलिक, पॉलीयुरेथेन लिहिलेलं असेल, तर तो लेप. "नॅनो" या शब्दावरून काहीही ठरत नाही. घेतलेल्या घराच्या भिंतीवर आधी काय मारलंय हे ओळखायचं असेल तर पाणी शिंपडून कळणार नाही, थेंब दोन्हींवर उभे राहतात. पात्याच्या टोकाने खरवडा: पातळ प्लास्टिकसारखी साल निघाली तर लेप, नुसती विटेची लाल पूड निघाली तर मुरणारं. खात्री नसेल तर कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मिनिटभर दाबून धरा. अ‍ॅक्रिलिक असेल तर बोळा चिकट होतो.

लेप निघाला तर त्याच्यावर द्रावण मारून उपयोग नाही, ते मुरणारच नाही. रंग काढायचं जेल लावून, साल सुटली की खरडून आणि धुऊन लेप काढावा लागतो. काम किचकट आहे आणि ग्राइंडरने करायचं नाही, त्यात विटेची कातडीच जाते. पूर्ण निघाला की एक पावसाळा भिंत तशीच मोकळी सोडा, आत कोंडलेले क्षार बाहेर येऊ देत, दिवाळीनंतर झाडून घ्या.