रॉएफडी आणि ओन्डएफडी: आकडा तोच, हक्क वेगळा

महाप्याच्या आमच्या कार्यालयात मुलाखती घेताना, रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा येते म्हणणाऱ्या उमेदवाराला मी एक प्रश्न हमखास विचारतो: फाइल डिस्क्रिप्टरसाठी (उघड्या फाइलला किंवा सॉकेटला ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला क्रमांक) सेफ रॅपर, म्हणजे सुरक्षित आवरण, लिहिणे म्हणजे नेमके काय करणे? उत्तर बहुधा ठरलेले असते. लिबसीचे, म्हणजे सी च्या मानक लायब्ररीचे, फंक्शन अनसेफ ब्लॉकमध्ये (जिथे सुरक्षिततेची हमी कंपाइलर नव्हे, आपण देतो) बोलवायचे, उणे एक आले तर एरनो, म्हणजे एररचा क्रमांक, वाचून एरर करायचा आणि रिझल्ट (यश किंवा एरर सांगणारा टाइप) परत द्यायचा. या उत्तरात एकही शब्द चुकीचा नाही, आणि तरीही ते ऐकून मी मनातल्या मनात कपाळाला हात लावतो, कारण एवढे सगळे करून झाल्यावरही मूळ धोका जागच्या जागीच असतो.

सी मधले ओपन, रीड, राइट, क्लोज वाचकाला ठाऊक आहेत असे गृहीत धरतो. उणे एकऐवजी रिझल्ट येणे आणि सुट्या पूर्णांकांऐवजी फ्लॅग्जना स्वतःचा टाइप मिळणे, म्हणजे ओपनचा फ्लॅग चुकून एममॅपला (फाइल मेमरीत जोडणाऱ्या कॉलला) दिला तर कंपाइलरने तिथेच अडवणे, या सोयी चांगल्या आहेत; पण त्या एका दुपारी समजतात आणि त्यांच्यावरून कोणी फारसे घसरत नाही. माणसे घसरतात ती रॉएफडी आणि ओन्डएफडी यांच्यावरून.

रॉएफडी या नावाने भारदस्त वाटणारा टाइप प्रत्यक्षात सी मधल्या इंटचे टोपणनाव आहे. त्यात फक्त आकडा असतो. फाइल अजून उघडी आहे का आणि ती बंद करणे कोणाचे काम आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. ओन्डएफडीमध्येही तोच आकडा असतो आणि तो मेमरीत तेवढीच जागा घेतो, परंतु त्याच्यासोबत मालकी येते: तो ज्याच्या हाती आहे तोच मालक, आणि मालकाचा स्कोप, म्हणजे कोडमधला त्याचा आवाका, संपला की डिस्क्रिप्टर आपोआप बंद होतो. मालकी न घेता काही काळ वापरण्यासाठी बॉरोडएफडी आहे, आणि हे उसने किती काळ चालेल ते लाइफटाइमच्या रूपाने टाइपमध्येच नोंदलेले असते. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या रस्ट १.६३ पासून हे दोन्ही टाइप स्टँडर्ड लायब्ररीत आहेत.

हा फरक किती महागात पडतो ते मला एका ओळीने शिकवले. आमच्या एका सर्व्हरमध्ये लॉगची फाइल उघडण्याच्या ओळीतच शेवटी ॲज_रॉ_एफडी लावून मिळालेला आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. फाइलचे मूळ ऑब्जेक्ट कोणी कुठे साठवलेच नव्हते, त्यामुळे त्या ओळीच्या अर्धविरामापाशीच फाइल बंद झाली आणि आमच्या हाती ७ हा आकडा तेवढा उरला. पुढे पहिला ग्राहक जोडला गेला तेव्हा कर्नेलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्याच्या सॉकेटला ७ हाच क्रमांक दिला, कारण रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान द्यावा असा पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्स प्रणालींच्या मानकाचा, नियमच आहे. आमचा लॉग मग निमूटपणे त्या ग्राहकाच्या कनेक्शनवर जाऊ लागला. राइट दर वेळी यशस्वी होत होते आणि रिझल्टमध्ये ओके येत होते.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला आठवून पाहा. बिल्ल्यावरचा क्रमांक तळहातावर लिहून घेतला आणि बिल्ला परत देऊन टाकला, तर त्या क्रमांकाच्या खणात थोड्याच वेळात दुसऱ्याच कोणाच्या चपला असतात. रॉएफडी हा तळहातावरचा आकडा आहे आणि ओन्डएफडी हा बिल्ला आहे. आमच्या त्या ओळीत ॲज_रॉ_एफडीऐवजी ॲज_एफडी असते, तर मिळालेला बॉरोडएफडी पुढे वापरताच कंपाइलरने ई०७१६ हा एरर देऊन, मूळ तात्पुरती वस्तू आधीच नष्ट होत असल्याचे तिथल्या तिथे सांगितले असते.

आणखी एक गल्लत नावांच्या साधर्म्यामुळे होते. ॲज_रॉ_एफडी फक्त आकडा दाखवते, मालक आहे तिथेच राहतो. इन्टू_रॉ_एफडी मालकी सोडून देते, त्यामुळे बंद करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आकड्यावरून पुन्हा मालक तयार करणारे फ्रॉम_रॉ_एफडी अनसेफ आहे ते याच कारणाने, कारण एकाच आकड्याचे दोन मालक झाले तर दुसऱ्याचे क्लोज भलत्याच फाइलवर पडू शकते. खरोखर दोन मालक हवे असतील तर ट्राय_क्लोन वापरून नवा डिस्क्रिप्टर घ्यावा. मात्र वाचण्या-लिहिण्याची जागा दोघांची सामाईक राहते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणूनच रॉएफडी स्वीकारणारे आणि तरीही स्वतःला सेफ म्हणवणारे फंक्शन दिसले की मला चीड येते. निक्स या क्रेटच्या (रस्टमधल्या लायब्ररीच्या) जुन्या आवृत्त्यांत रीड असेच होते. नव्या कामासाठी मी रस्टिक्स हे दुसरे क्रेटच निवडतो. ते लिनक्सच्या प्रमुख प्रोसेसरांवर लिबसीला वळसा घालून थेट कर्नेलला कॉल करते म्हणून त्याचे कौतुक होते, पण माझ्या लेखी ती दुय्यम बाब आहे. त्यातले रीड सुरुवातीपासून उसना डिस्क्रिप्टर मागते, कच्चा आकडा घेणारे क्लोज अनसेफ आहे आणि ते रिझल्टही परत देत नाही, हे मला मोलाचे वाटते. क्लोजला ईआयएनटीआर (सिग्नलमुळे कॉल मध्येच खंडित झाल्याचा एरर) आला म्हणून लूपमध्ये पुन्हा क्लोज करणारा कोड अजूनही पाहावा लागतो. लिनक्सवर डिस्क्रिप्टर तोवर मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्या क्लोजच्या आधी तोच क्रमांक एखाद्या थ्रेडला मिळालेला असू शकतो.

ओन्डएफडीची एक उणीव मान्य करायला हवी: तो नष्ट होताना क्लोजचा एरर गिळून टाकतो. त्यामुळे डिस्कवर पोहोचलाच पाहिजे असा मजकूर लिहिताना फाइल हातची सुटण्याआधी सिंक_ऑल बोलवावे आणि त्याचा रिझल्ट तपासावा.