उत्पादक, भक्षक, विघटक: ही मांडणी आली कुठून?

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. ही साखळी शाळेत सगळ्यांनीच वहीत काढलीये, आणि बाण उलटा काढला म्हणून कितीजणांचे मार्क गेलेत (बाण खाणाऱ्याकडे जातो, कारण ऊर्जा तिकडे जाते). पण एवढी सोपी वाटणारी गोष्ट कळायला माणसाला काही शतकं लागली.

झाड माती खाऊन वाढतं असाच पूर्वी समज होता. सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाने कुंडीत २०० पौंड मातीत विलोचं रोप लावलं, ५ वर्षं नुसतं पाणी घातलं, झाड १६४ पौंडांनी वाढलं आणि माती घटली फक्त २ औंस! त्याला वाटलं सगळं पाण्यातूनच आलं. हिरव्या पानांना ऊन लागतं हे १७७९ मध्ये इंगेनहाउझने दाखवलं, म्हणजे उत्पादक खरा कशावर जगतो त्याचा धागा तिथे सापडला.

पुढे १९२७ मध्ये चार्ल्स एल्टनने अन्नसाखळीची कल्पना नीट मांडली, साधारण त्याच काळात जर्मनीत थिनेमानने तळ्यातल्या जीवांचे उत्पादक, भक्षक, विघटक असे गट पाडले, आणि १९३५ ला टान्सलीने परिसंस्था हा शब्द दिला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रेमंड लिंडमन. अमेरिकेत मिनेसोटामध्ये सीडर बॉग लेक नावाचं एक छोटं, उथळ, गाळाने भरत चाललेलं तळं आहे, तिथे हा पोरगा बायको एलिनॉरच्या मदतीने काही वर्षं नमुने गोळा करत होता, शेवाळ, पाणकिडे, मासे, तळाचा चिखल, आणि शेवटी त्याने सगळ्याचा हिशोब कॅलरीत मांडला. कोण कोणाला खातं याच्या पुढे जाऊन किती ऊर्जा वर पोचते हे विचारणं ही खरी उडी होती. पेपर आधी नाकारला गेला, फार थिअरी आहे म्हणून. त्याचे गुरू हचिन्सन यांनी बाजू लावून धरली. तो छापून आला ऑक्टोबर १९४२ मध्ये, पण लिंडमन जूनमध्येच लिव्हरच्या आजाराने गेला होता, वयाची २७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती...

आपण पाठ करतो तो १० टक्क्यांचा नियम (एका पातळीवरून वरच्या पातळीवर दहाच टक्के ऊर्जा पोचते) त्याच्याच नावावर आहे, पण त्या तळ्यात त्याला मिळालेले आकडे वेगळेच होते: प्राथमिक भक्षकांसाठी (वनस्पती खाणारे) १३.३ टक्के, द्वितीयकांसाठी (त्यांना खाणारे) २२.३. दहा हा नंतर रुळलेला ढोबळ आकडा.

अजून एक, त्याच्या त्या पेपरातली आकृती बघा. आपल्या पुस्तकात विघटक बिचारे शेवटी कुठेतरी कोपऱ्यात असतात. लिंडमनने मधोमध काढलाय तो गाळ, म्हणजे विघटक जिवाणूंचं घर, आणि शेवाळापासून माशांपर्यंत सगळे त्याच्याभोवती.