कराचीतलं चिलट

नॅट या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ चिलट. भारतीय हवाई दलाचं असंच एक चिलट, म्हणजे नॅट नावाचं छोटं लढाऊ विमान, क्रमांक आयई १०८३, आज कराचीतल्या पाकिस्तान हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे. ते पाडलेलं नाही, धावपट्टीवर व्यवस्थित उतरलेलं आहे.

डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या ब्रिटिश अभियंत्याचं म्हणणं होतं की लढाऊ विमानं उगाचच जड आणि महाग होत चालली आहेत. त्याने फॉलंड कंपनीत १९५५ साली उडवलेल्या नॅटच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी जेमतेम पावणेसात मीटर होती. पाकिस्तानकडच्या सेबर या अमेरिकन लढाऊ विमानाची अकरा मीटरच्या वर, आणि वजन नॅटच्या दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे ब्रिटनने स्वतःच्या हवाई दलात नॅट फक्त प्रशिक्षणासाठी घेतलं. लढाऊ विमान म्हणून खरा भरवसा टाकला तो भारताने.

लांब बांबू मध्यभागी धरून झटकन फिरवून पाहा, मग फूटपट्टी फिरवा. वजन मध्यापासून जितकं दूर, तितका फिरवायला जास्त जोर लागतो. आखूड पंखांचं नॅट म्हणूनच पटकन कूस बदलायचं. शिवाय ते दिसायचंच नाही. चांगल्या डोळ्यालाही एक मीटर रुंदीची वस्तू साधारण साडेतीन किलोमीटरवर जेमतेम ठिपका वाटते, आणि समोरून पाहिलं तर नॅटचं धड काही फार रुंद नव्हतं. दोन्ही विमानं प्रत्येकी सेकंदाला अडीचशे मीटरने समोरासमोर येत असतील तर तेवढं अंतर सात सेकंदांत संपतं.

पण इवल्याशा पोटात मावणार तरी किती? इंधन कमी, उपकरणं मोजकीच. जागेची काटकसर इतकी की वेग कमी करायला वेगळे एअरब्रेक न ठेवता चाकंच अर्धवट बाहेर काढायची. तोफा अडकायच्या, ही वैमानिकांची नेहमीची तक्रार.

भारत-पाकिस्तान युद्धात, ३ सप्टेंबर १९६५ ला, पठाणकोटहून निघालेल्या नॅट विमानांची सेबरशी गाठ पडली. सेबर पाडल्याचं श्रेय ट्रेव्हर कीलर यांना मिळालं, त्यांना वीरचक्र दिलं गेलं. (ते सेबर मोडक्या अवस्थेत का होईना, परत आलं, असं पाकिस्तान सांगतो.) त्याच तुकडीतले स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद मात्र इतरांपासून तुटले आणि सियालकोटजवळच्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. पाकिस्तानच्या मते डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या त्यांच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने त्यांना शरण यायला लावलं. भारतीय बाजू म्हणते, इंधन संपत आलं होतं, वाट चुकली होती आणि ती पट्टी आपलीच वाटली. मला दुसरी बाजू पटते. वरून पाहिलं तर पंजाबची शेतं सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसतात, आणि टाकी रिकामी होत आली की दिसेल ती धावपट्टी आपलीच वाटते.

सिकंद युद्धकैदी झाले. विमान पसरूरहून सरगोध्याला उडवत नेलं ते पाकिस्तानच्याच वैमानिकाने, साद हातमी यांनी. आपल्याकडे ज्याला पुढे ‘सेबरचा कर्दनकाळ’ म्हटलं गेलं, ते नॅट सेबरवाल्यांना आता आतून बाहेरून न्याहाळता आलं.